कार्पेट धुण्याचे मशीन मध्येच बंद पडले, तर भुर्दंड कोणी सोसायचा?

विश्लेषण : दोन टाक्या, एक पंप आणि एक मोटार. एवढ्या साध्या यंत्राची दुरुस्ती भिवंडीसारख्या कारागिरांच्या शहरातही अवघड का व्हावी?

भिवंडीत कित्येक दशके जुने साधे माग आजही धडधडत आहेत. शटल फुटला, पिकर झिजला, गिअरचा दात तुटला, तरी मालकाला फार चिंता नसते. जॉबर येतो, बाजारातून भाग आणतो किंवा लेथवाल्याकडून करून घेतो आणि माग पुन्हा सुरू होतो. मोटार जळाली तर रिवाइंडिंगची दुकाने गल्लोगल्ली आहेत. त्याच शहरात दोन-तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेले कार्पेट धुण्याचे मशीन मात्र एका रबरी पट्टीसाठी किंवा कार्बनच्या दोन तुकड्यांसाठी आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात पडून राहते. मागापेक्षा ते यंत्र काही गुंतागुंतीचे नाही. तरीही असे का होते, हा प्रश्न विचारायला हवा.

हा धंदा आता छोटा राहिलेला नाही. लग्नाचे हॉल, रमजानच्या आधी मशिदीतली जाजमे, दिवाळीच्या तोंडावर ठाणे-कल्याणच्या फ्लॅटमधले सोफे, कार्यालयांतली कार्पेट, ही सगळी कामे करणारे बहुतेक लोक एक मशीन, एक टेम्पो आणि एक-दोन पोरे एवढ्या भांडवलावर उभे असतात. काल्हेर, दापोडे, मानकोलीच्या गोदामांत फिरणारी फरशी घासायची मशीनही याच कुळातली. मशीन बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. सणाच्या आधीचे दहा दिवस गेले तर वर्षाचे गणित बिघडते.

मशीन नेमके काय करते?

एका टाकीत स्वच्छ पाणी आणि थोडे रसायन असते. पंप ते पाणी दाबाने नोझलपर्यंत नेतो आणि कार्पेटच्या धाग्यांत फवारतो. लहान मशीनमध्ये हा दाब साधारण १०० पीएसआयच्या आसपास असतो, मोठ्यांत ५०० पर्यंत जातो. लगेच मागून व्हॅक्यूम मोटार ते मळके पाणी ओढून दुसऱ्या टाकीत टाकते. काही मशीनमध्ये मध्ये फिरता ब्रश असतो, काहींत पाणी तापवायचा हीटर. बस्स, एवढेच. गोदामातल्या मशीनमध्ये याला बॅटरी, चाके आणि मागे पाणी गोळा करणारी रबरी पट्टी जोडलेली असते. (ती पट्टी एका कडेने झिजली की फेकून देतात. बहुतेक मशीनमध्ये ती उलटसुलट लावून चारही कडा वापरता येतात. पण हे सांगितले तर नवी पट्टी विकली जाणार नाही.)

म्हणजे बिघाडाची घरे मोजकीच आहेत: पाणी येत नाही, पाणी ओढले जात नाही, किंवा वीजच लागत नाही. यातले नेमके काय झाले आहे हे ओळखले की निम्मे काम झाले. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला शिकवलेल्यांपैकी जी एक गोष्ट रोज उपयोगी पडते ती हीच: यंत्राचे मधोमध दोन भाग करा आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

सक्शन गेले, म्हणजे मोटार गेली?

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही. मशीनचा आवाज येतो, पण कार्पेट ओलेच राहते. दुकानदार फोनवरच सांगतो, मोटार कमजोर झाली, बदलावी लागेल. त्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी करता येते. मळक्या पाण्याच्या टाकीला जोडलेला जाड पाइप काढा, मशीन सुरू करा आणि टाकीच्या तोंडावर तळहात ठेवा. हात जोरात ओढला गेला तर मोटार आणि टाकी ठीक आहेत, दोष पाइपमध्ये किंवा हातातल्या वँडमध्ये आहे. केस, दोरे, लग्नाच्या हॉलमधला तांदूळ आणि फुलांच्या पाकळ्या पाइपच्या वळणावर अडकून गोळा होतो. पाइपला बारीक चीर असेल तरी हवा तिथूनच शिरते.

हात ओढला गेला नाही, तर टाकीकडे बघा. झाकणाचे रबरी गास्केट चपटे झाले आहे का, पाणी सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का, आतला तरंगता फ्लोट वर अडकून बसला आहे का, मोटारीच्या तोंडावरची जाळी तुंबली आहे का. हे सगळे बघून झाल्यावरच मोटारीवर संशय घ्यायचा. गास्केट हा या मशीनमधला सर्वांत स्वस्त भाग आणि त्याच्या नावावर सर्वांत जास्त मोटारी बदलल्या जात असाव्यात, असे माझे मत आहे.

ओल्या कार्पेटचा प्रश्न भिवंडीच्या पावसाळ्यात नुसता गैरसोयीचा नसतो. ओला राहिलेला गालिचा २४ ते ४८ तासांत सुकला नाही तर बुरशी धरतो आणि जुलै महिन्यात इथल्या हवेत तो आपोआप सुकत नाही. मग ग्राहक पैसे देत नाही, वर कुबट वासाची भरपाई मागतो.

फेसाचे काय?

फ्लोट पाण्यावर तरंगतो, फेसावर नाही. टाकी भरली की पाणी फ्लोटला उचलते, हवेचे तोंड बंद होते आणि मोटार वाचते. पण टाकीत पाण्याऐवजी फेस असेल तर फ्लोट जागचा हलत नाही आणि फेस थेट मोटारीच्या पंख्यात जातो. बेअरिंग गंजते, आवाज वाढतो आणि काही महिन्यांत मोटार खरोखरच जाते. हा फेस येतो कुठून? कार्पेटच्या कमी फेसाच्या शाम्पूऐवजी कपडे धुण्याची पावडर वापरल्याने. ती स्वस्त पडते आणि फेस दिसला की ग्राहकालाही काम चांगले झाल्यासारखे वाटते. इथे दोष कंपनीचा नाही, कंत्राटदाराचा आहे आणि तसे म्हटलेच पाहिजे. कार्पेट आधी कोणीतरी पावडरने धुतलेले असेल तर आपण चांगला शाम्पू वापरूनही फेस येणारच. त्यासाठी फेस मारणारे द्रव्य मळक्या टाकीत थोडे आधीच टाकायचे असते.

याच ठिकाणी एक जीवघेणी चूक होते. ओले ओढणाऱ्या मशीनमधली मोटार वेगळ्या बनावटीची असते. तिला थंड करणारी हवा आणि टाकीतून येणारी ओली हवा यांचे रस्ते वेगवेगळे असतात. मूळ मोटार मिळत नाही किंवा महाग पडते म्हणून कारागीर कोरड्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटार बसवून देतो. ती बसते, चालतेही. पण तिच्यात ओलसर हवा थेट वाइंडिंगवरून जाते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हे मशीन असते. सुटा भाग न मिळण्याची किंमत फक्त रुपयांत मोजता येत नाही, ती अशी.

पाणीच येत नसेल तर?

नोझल काढा आणि पंप सुरू करा. उघड्या तोंडातून पाणी जोरात आले तर पंप निर्दोष आहे, नोझल तुंबले आहे. भिवंडीत नळाचे पाणी सगळीकडे पुरेसे येत नाही, त्यामुळे बोअरचे किंवा टँकरचे पाणी टाकीत जाते. असे पाणी जड असले की, विशेषतः हीटरच्या मशीनमध्ये, पांढरा क्षार धरतो. सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसतच्या, पातळ द्रावणात नोझल भिजवून ठेवले की क्षार सुटतो. सुई किंवा पिन घालू नका. भोक जरासे वाकडे झाले तरी फवाऱ्याचा पंखा मोडतो आणि कार्पेटवर पट्टे उमटतात. आणि आम्ल कधीही ब्लीचमध्ये मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद हॉलमध्ये तर नाहीच.

उघड्या तोंडातूनही पाणी नाही आले तर टाकीच्या तळाची गाळणी, पाइपचा झटपट लागणारा जोड आणि पंपात अडकलेली हवा हे बघायचे. रोज काम संपल्यावर पाच मिनिटे साधे पाणी पंपातून सोडले तर यातले बरेचसे होतच नाही. रात्री अकराला हॉलमधून निघताना ही पाच मिनिटे कोणी देत नाही, हेही खरेच.

विजेचा हिशेब कोण करतो?

व्हॅक्यूम मोटार १,२०० वॉटची धरली तर २३० व्होल्टला ती सुमारे ५ अँपिअर घेते. २,००० वॉटचा हीटर आणखी पावणेनऊ. दोन्ही मिळून १४ च्या घरात जातात, पंप वेगळाच. हे १६ अँपिअरच्या सॉकेटवरच चालवायचे काम आहे. हॉलमध्ये ते सॉकेट स्वयंपाकघरात असते आणि कार्पेट स्टेजवर. मग येतो एक्स्टेंशन बोर्ड.

ही वायर फार दुर्लक्षित गोष्ट आहे. पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर ३० मीटर ओढली तर जाण्या-येण्याचा मिळून रोध सुमारे १.४ ओहम भरतो. १० अँपिअर वाहिले की १४ व्होल्ट वायरीतच पडतात आणि १४० वॉटची उष्णता तिच्यात साठते. वायर गुंडाळलेलीच ठेवली असेल तर ती उष्णता बाहेर पडायला जागा नसते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हेच नुकसान चार-सव्वाचार व्होल्टवर येते. व्होल्टेज पडले की मोटारीचा वेग मंदावतो आणि पंख्याचा ओढण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. वेग १० टक्के कमी, तर सक्शन जवळजवळ १९ टक्के कमी. मशीन कारखान्यातल्या टेबलावर छान चालते आणि हॉलमध्ये कमजोर वाटते, याचे एक कारण पायाखालची ती पातळ वायर असते. भिवंडीत वीजवितरण २००७ पासून फ्रँचायझीकडे आहे आणि विजेबद्दलच्या तक्रारी इथे रोजच्याच आहेत, पण या दोषाचे बिल तरी त्यांच्या नावावर फाडता येणार नाही.

३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आणि खरी, चालू अर्थिंग यांच्याशिवाय हे मशीन लावू नये. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो बायपास करणाऱ्या माणसाला कारागीर म्हणू नये. तो पडतो आहे म्हणजे वीज कुठेतरी पाण्यात उतरते आहे.

मग सगळे ‘मोटारच बदला’ का म्हणतात?

व्हॅक्यूम मोटारीत कार्बनचे दोन तुकडे असतात. काहीशे तासांच्या वापराने ते झिजतात, ठिणग्या उडतात आणि एक दिवस मोटार फिरत नाही. मोटारीचे बाकी सगळे शाबूत असते. वेळेवर कार्बन बदलले तर तीच मोटार पुन्हा चालते. कार्बन घासून बसवणारे हात भिवंडीत शेकड्यांनी सापडतील. अडचण अशी की अनेक कंपन्या आणि वितरक कार्बन सुटे विकत नाहीत, अख्खी मोटार विकतात. गास्केट सुटे नाही, झाकणासकट. व्हॉल्व्ह सुटा नाही, टाकीसकट. भागांची यादी आणि आकृती मागितली तर ती ‘फक्त सर्व्हिस सेंटरसाठी’ असते. सोबत आलेले पुस्तक इंग्रजीत किंवा त्याहून लांबच्या एखाद्या भाषेत. जो माणूस मशीन चालवतो त्याला वाचता येईल अशा मराठीत किंवा हिंदीत काहीच नाही.

यावर कंपन्यांचे म्हणणे असते की ग्राहकाने स्वतः उघडले तर धोका वाढतो. मुद्दा अगदीच खोटा नाही, वरचे कोरड्या मोटारीचे उदाहरण तेच सांगते. पण तो धोका मूळ भाग न मिळाल्यानेच निर्माण झाला आहे. मशीन उघडले जाणारच आहे. प्रश्न इतकाच की ते योग्य भाग आणि योग्य माहिती हातात असताना उघडायचे, की नसताना.

हा झगडा नवा नाही. सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण भाग अडवून ठेवणे ही बाजारातली मक्तेदारी ठरू शकते, हे तत्त्व तेव्हा मांडले गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केले. त्यात चार क्षेत्रे घेतली: शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकावरचा अहवाल आला, तो मोबाइल आणि टॅब्लेटपासून सुरुवात करा म्हणतो.

या यादीत सफाईचे मशीन कुठे बसते? कुठेच नाही. ते घरगुती नाही, शेतीचे नाही. ज्याच्या हातातला मोबाइल बिघडला तर सरकार त्याच्या बाजूने विचार करते, त्याच माणसाचे पोट भरणारे मशीन बिघडले तर तो ‘व्यावसायिक खरेदीदार’ ठरून बाजूला पडतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा होता. मोबाइलशिवाय चार दिवस निघतात.

तो ‘ग्राहक’ आहे की नाही?

दुकानदार ठामपणे सांगतो, कमर्शियल मशीन आहे, ग्राहक मंचात जाता येणार नाही. हे अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(७) व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना वगळते. पण त्याच कलमाचे स्पष्टीकरण म्हणते की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जाणार नाही.

याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या खटल्यात सविस्तर लावला. वाद एका सीएनसी मशीनचा होता आणि तो महाराष्ट्राच्या राज्य आयोगापासून वर गेला होता. त्या खरेदीदाराच्या कारखान्याचा पसारा पाहता तो हरला. पण न्यायालयाने दिलेली उदाहरणे महत्त्वाची ठरली: स्वतः टाइप करून पोट भरणारा टाइपरायटरवाला, स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः लेथ चालवणारा. हाताखाली एक-दोन मदतनीस घेतले म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. मशीन फक्त दुसऱ्याकडून चालवून घेतले तर मात्र तो ग्राहक नाही. २०१८ मध्ये पॅरामाउंट डिजिटल कलर लॅबच्या प्रकरणात फोटो छपाईचे मशीन घेतलेल्या भागीदारांना सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मानले, कारण ते बेरोजगार पदवीधर होते आणि मशीन उपजीविकेसाठी घेतले होते.

टेम्पोत मशीन टाकून स्वतः कार्पेट धुणारा माणूस या चौकटीत बसतो. दहा मशीन आणि चाळीस कामगार असलेला ठेकेदार बसणार नाही आणि त्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्याकडे घासाघीस करायची ताकद असते. त्याने आणि सरकारी रुग्णालये, महापालिका, रेल्वे यांच्यासारख्या मोठ्या खरेदीदारांनी निविदेतच तीन अटी टाकाव्यात: भागांची सचित्र यादी, सुटे भाग किमान किती वर्षे मिळतील याची लेखी हमी आणि मराठी पुस्तिका. त्यांच्यासाठी छापलेली पुस्तिका टेम्पोवाल्यालाही मिळेल.

मोठ्या ठेकेदारांबद्दल आणखी एक. मशीन बिघडले की ते चालवणाऱ्या पोराच्या पगारातून पैसे कापायची पद्धत या धंद्यात आहे. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींप्रमाणे नुकसान कामगाराच्याच निष्काळजीपणामुळे झाले असेल आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली असेल तरच कपात करता येते. झिजलेले कार्बन हा कोणाचा निष्काळजीपणा नसतो. त्याला शाम्पूऐवजी पावडर ज्याने दिली, त्याच्या पगारातून कोणी कापत नाही.

छोट्या कंत्राटदाराने मशीन घेतानाच बिल स्वतःच्या नावावर घ्यावे, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यावा आणि बिघाडाची तक्रार फोनवर न करता ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर तारखेसह करावी. सर्व्हिसचा माणूस मशीन घेऊन गेला तर जॉबशीट मागावी, त्यावर काय बिघडले ते लिहून घ्यावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते, ती ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. स्वतः मशीन चालवतो आणि त्यावरच घर चालते, हे वाक्य तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदातच यायला हवे. ते नसले तर समोरचा वकील सर्वांत आधी तेच विचारेल.